पाऊस, वादळ आणि परमेश्वराचा महिमा : एक अभ्यास

निसर्गाकडे पाहून परमेश्वराचे स्मरण व्हावे, हे कोणा एका धर्माचे वैशिष्ट्य नव्हे. वैदिक ऋषींनी पर्जन्यावर सूक्ते रचली. तुकोबांनी झाडावेलींना आपल्या गणगोतात बसविले. ख्रिस्ती धर्माबद्दल मात्र आपल्याकडे, अगदी सुशिक्षितांतही, असा समज आढळतो की हा धर्म देवळाच्या चार भिंतींतला. मातीशी, पावसाशी, पिकापाण्याशी त्याला फारसे देणेघेणे नाही. हा समज कितपत खरा आहे, हे पवित्र शास्त्राच्या आधारे तपासून पाहावे, हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू होय.

दुसरा हेतू याहून अवघड आहे. चांदणे, इंद्रधनुष्य आणि दवबिंदू दाखवून देवाचा महिमा गाणे सोपे असते. पण फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भात, मराठवाड्यात आणि आमच्याही जिल्ह्यात गारपीट झाली, काढणीला आलेला गहू-हरभरा झोपला, द्राक्षबागा उघड्या पडल्या, तेव्हा त्यात कोणाची थोरवी पाहावयाची? जो विचार गारपिटीपुढे टिकत नाही, तो इंद्रधनुष्यापुढे तरी खरा का मानावा? हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिणे म्हणजे अर्धाच विषय लिहिणे होय.

१. दोन देश, दोन पाऊस

पवित्र शास्त्र ज्या भूमीत लिहिले गेले ती भूमी डोळ्यांपुढे आणल्याखेरीज त्यातील पावसाचा अर्थ लागत नाही. पॅलेस्टाईनमध्ये आपल्यासारखा चार महिन्यांचा मोसमी पाऊस नाही. तिथला उन्हाळा लांब आणि अगदी कोरडा असतो. साधारणपणे ऑक्टोबर ते एप्रिल या काळात, म्हणजे हिवाळ्यात, भूमध्य समुद्रावरून ढग येतात आणि पाऊस पडतो. यरुशलेम शहराची वार्षिक सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे. आमच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या अवर्षणप्रवण भागाची सरासरीही याच्या जवळपासच जाते. म्हणजे दाविदाची नगरी आणि आमचा दुष्काळी मुलूख, दोघांच्या वाट्याला आभाळातून येणारे माप सारखेच! हे वाचले तेव्हा जुन्या करारातील शेतकरी मला एकाएकी ओळखीचे वाटू लागले.

तिथे शेतकऱ्याला दोन पाऊस महत्त्वाचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडणारा पहिला पाऊस. त्यावर तापलेली जमीन मऊ होऊन नांगरणी-पेरणी होते. आणि मार्च-एप्रिलातला शेवटचा पाऊस. त्यावर जव-गव्हाचे दाणे भरतात. मराठी पवित्र शास्त्रात या दोन पावसांना आगोटीचा पाऊस आणि वळवाचा पाऊस असे शब्द योजलेले आढळतात. ही योजना मोठी बोलकी आहे. आपल्याकडे वळीव आधी येतो, वैशाखात. आणि आगोट मागून, मृगाच्या तोंडावर. तिथे क्रम उलटा. भाषांतरकारांनी कुणब्याच्या तोंडचे शब्द घेतले. ऋतूंचा क्रम जुळला नाही तरी वाट पाहण्याची ओढ मात्र जशीच्या तशी जुळली. पावसाकडे डोळे लावून बसणे म्हणजे काय, हे आमच्याकडील श्रोत्याला समजावून सांगावे लागले नसणार.

अनुवाद या ग्रंथाच्या अकराव्या अध्यायात मोशे लोकांना दोन देशांतील फरक सांगतो. इजिप्तमध्ये शेताला पाणी माणूस आपल्या श्रमाने देतो, भाजीच्या मळ्याला द्यावे तसे. ज्या देशात तुम्ही जात आहात तो डोंगरदऱ्यांचा देश मात्र आकाशातून पडणारे पाणी पितो. आपल्या भाषेत सांगावयाचे तर इजिप्त बागायत आणि कनान जिरायत! प्रवरेच्या पाटाखालचा ऊस पाहून जिरायतदाराला काय वाटते हे आपण जाणतो. पण मोशे जिरायतीलाच वरदान म्हणून दाखवितो. कारण तिथे माणसाला वर पाहावे लागते. परमेश्वराची दृष्टी वर्षाच्या आरंभापासून अखेरपर्यंत त्या भूमीवर असते, असा त्याचा आशय आहे. पावसाशी श्रद्धेचा संबंध जोडला गेला तो असा, रोजच्या भाकरीतून. सौंदर्यदृष्टी मागून आली.

२. गर्जना आणि शांतता

पावसावर जगणाऱ्या लोकांना पावसाचीच पूजा करण्याचा मोह होतो. कनानी लोकांचा बआल हा वादळाचा आणि पर्जन्याचा देव होता. १९२९ पासून सीरियाच्या किनाऱ्यावर रास शमरा येथे जे उत्खनन झाले, त्यात उगारित या प्राचीन नगराच्या मातीच्या विटा सापडल्या. त्यांवरील काव्यांत हा बआल मेघांवर स्वार होणारा म्हणून वर्णिला आहे. एकोणतिसाव्या स्तोत्रातील वादळाचे वर्णन याच पार्श्वभूमीवर वाचावे लागते, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

या स्तोत्रात परमेश्वराच्या वाणीचा उल्लेख सात वेळा येतो आणि प्रत्येक वेळी वादळ पुढे सरकते. प्रथम ते समुद्रावर गर्जते, मग लबानोनच्या गंधसरूंवर कोसळते, हर्मोन पर्वताला हादरविते आणि शेवटी कादेशच्या रानात जाऊन पोहोचते. भूगोलाचा नकाशा पुढे ठेवून पाहिले तर समुद्रावरून येऊन डोंगरांवर आदळणाऱ्या तिथल्या हिवाळी वादळाचे हे नेमके निरीक्षण वाटते. कवीने ते वादळ पाहिले आहे, ऐकले आहे. मात्र तो वादळाला देव म्हणत नाही. वादळ ही देवाची वाणी. देव तिच्याहून निराळा आणि तिच्यावर विराजमान. आणि एवढ्या गर्जनेचा शेवट कशाने होतो, तर लोकांना शांती लाभो या आशीर्वचनाने.

हाच विचार एलीया संदेष्ट्याच्या कथेत अधिक खोल जातो. अहाब राजाच्या काळी देशात दीर्घ दुष्काळ पडला. कर्मेल डोंगरावर बआलाच्या पुजाऱ्यांशी सामना झाल्यावर एलीया आपल्या सेवकाला समुद्राकडे पाहण्यास पाठवितो. सहा वेळा तो काहीच नाही म्हणून परत येतो. सातव्या वेळी त्याला तळहाताएवढा ढग दिसतो आणि मग मुसळधार पाऊस येतो. ही कथा येथेच संपली असती तर ‘आमचा देव तुमच्या देवापेक्षा पाऊस पाडण्यात सरस’ एवढाच तिचा अर्थ झाला असता. पण पुढच्याच अध्यायात तोच एलीया खचून, जिवाच्या भीतीने होरेब पर्वतावरील गुहेत जाऊन बसतो. तेथे खडक फोडणारा वारा येतो. वाऱ्यात परमेश्वर नसतो. भूकंप होतो, त्यात नसतो. अग्नी येतो, त्यातही नसतो. आणि मग एक अगदी मंद, शांत असा आवाज येतो.

वादळात देवाची वाणी ऐकणारे स्तोत्र आणि वादळात देव नाही असे सांगणारी कथा, दोन्ही एकाच शास्त्रात आहेत. यात मला विसंगती वाटत नाही. सामर्थ्य पाहून देव ओळखता येतो, पण सामर्थ्य म्हणजेच देव नव्हे, ही जाण या दोन उताऱ्यांना एकत्र वाचल्याने येते.

३. भूगोलाचा तास आणि आजीचे बोलणे

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीला अक्षरओळख नाही. पण कित्येक स्तोत्रे तिला ऐकून ऐकून पाठ आहेत. पहिला पाऊस पडला की ती म्हणते, “देवानं दिला.” इकडे भूगोलाच्या तासाला आम्ही शिकतो की, उन्हाळ्यात भूप्रदेश समुद्रापेक्षा अधिक तापतो, हवेच्या दाबात फरक पडतो, नैर्ऋत्येकडून बाष्पयुक्त वारे वाहू लागतात आणि सह्याद्रीला अडून पाऊस देतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि घाट ओलांडून पूर्वेला गेले की तो पाचशे-सहाशेवर येतो, याचे कारण पर्जन्यछाया. मग प्रश्न पडतो : दोघांपैकी कोणाचे खरे? शिकलेल्या मुलीने आजीचे बोलणे मागे टाकावयाचे काय?

याचे उत्तर शोधताना मला विज्ञानाच्या इतिहासाची मदत झाली. नद्यांना पाणी कोठून येते हे युरोपातील विद्वानांनाही पुष्कळ काळ नीट ठाऊक नव्हते. फ्रान्समध्ये प्येर पेरो याने सेन नदीच्या उगमाकडील खोऱ्यात पडणारा पाऊस आणि नदीतून वाहणारे पाणी यांचा हिशेब १६७४ मध्ये प्रसिद्ध केला. नदीच्या प्रवाहाच्या सुमारे सहापट पाऊस तेथे पडतो, असे त्याला आढळले. पुढे धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या एडमंड हॅलीने १६८६ मध्ये व्यापारी वारे आणि मोसमी वारे यांवर निबंध लिहिला. ढगांना आज आपण जी नावे देतो, ती पद्धत १८०२ साली ल्यूक हॉवर्ड याने लंडनमध्ये मांडली. तो औषधी रसायनांचा व्यवसाय करणारा, क्वेकर पंथाचा श्रद्धाळू ख्रिस्ती गृहस्थ होता. ढगांना नावे दिल्याने त्याच्या मनातून आकाशाचा निर्माता नाहीसा झाला नाही.

यावर काही उत्साही मंडळी म्हणतात की, हे सारे शास्त्रात आधीच लिहिले होते. ईयोबाच्या छत्तिसाव्या अध्यायात जलबिंदू वर ओढले जाऊन पावसाच्या रूपाने झिरपतात असा आशय आहे. उपदेशक म्हणतो की, सर्व नद्या समुद्राला मिळतात तरी समुद्र भरत नाही. ही निरीक्षणे सूक्ष्म आहेत यात शंका नाही. परंतु त्यांना जलशास्त्राचे पाठ्यपुस्तक मानणे मला योग्य वाटत नाही. शास्त्राचा प्रश्न ‘कसे’ हा नसून ‘कोणाचे’ हा आहे. उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात, जलप्रलय ओसरल्यावर, पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन, दिवस आणि रात्र यांचा क्रम खंडित होणार नाही असे अभिवचन येते. म्हणजे सृष्टीचा नियमितपणा हीच देवाची विश्वासूता. ज्याला नियमांत देणारा दिसतो, त्याला नियम सापडल्याचे भय कशाला वाटावे?

उलट, जेवढे अधिक कळावे तेवढे आश्चर्य वाढते. ढगातील एक सूक्ष्म जलकण इतका लहान असतो की, पावसाचा एक नेहमीचा थेंब होण्यास असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. तो जलकण बनण्यासही धुळीचा किंवा समुद्री मिठाचा एखादा कण आधार म्हणून लागतो. खारट समुद्रातून उचललेले पाणी गोड होऊन परत येते. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे एक लाख लिटरहून अधिक पाणी झाले! आमच्याकडे उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर आला की हंडे-कळश्यांची रांग लागते आणि भांडणे होतात. तसले दहा टँकर एका एकरावर, विनामूल्य, निःशब्दपणे, बांधाच्या दोन्ही बाजूंना सारखे रिते होतात. हा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा आजीच्या दोन शब्दांचे वजन मला प्रथमच कळले. भूगोलाने ते बोलणे खोडले नाही. किती दिले, ते मोजून दाखविले.

४. वाऱ्याने मुले नेली त्या माणसाला

आता मूळ अवघड प्रश्नाकडे वळू. पवित्र शास्त्रात निसर्गाचे आणि हवामानाचे अत्यंत भव्य वर्णन ईयोबाच्या ग्रंथात, सदतिसाव्या अध्यायापासून पुढे आले आहे. मेघगर्जना, हिम, गोठलेली जलाशये, पहाटेचा उगम, गारांची भांडारे, विजेची वाट, दवाचे थेंब! हे अध्याय पुष्कळदा सुटे काढून निसर्गस्तुती म्हणून वाचले जातात. पण हे वर्णन कोणाला ऐकविले आहे, याकडे लक्ष दिले पाहिजे.

ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ईयोबाची मेंढरे आणि चाकर आकाशातून पडलेल्या अग्नीने भस्म होतात. त्यानंतर रानाकडून प्रचंड वारा येतो, घराच्या चारही कोपऱ्यांवर आदळतो आणि घर कोसळून त्याचे सात मुलगे व तीन मुली मरतात. म्हणजे ईयोबाचा संसार हवामानानेच उद्ध्वस्त केला आहे. आणि अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर त्याच्याशी बोलतो तोही वावटळीतून! ज्याची दहा मुले वाऱ्याने नेली त्याला वावटळीतून आलेला आवाज कसा वाटला असेल?

ईयोबाचे मित्र त्याला एकच गोष्ट सांगत असतात : तू पाप केले असशील, म्हणून हे झाले. आपल्याकडेही दुष्काळ पडला की लोकांच्या पापाचा घडा भरला असे म्हणणारे असतात, आणि असे म्हणणारा सहसा स्वतःला त्या लोकांत धरत नाही. ग्रंथाच्या अखेरीस परमेश्वर या मित्रांनाच दोष देतो. ते माझ्याविषयी खरे बोलले नाहीत असे म्हणतो. हा निर्णय अत्यंत महत्त्वाचा आहे. संकट आले म्हणून संकटग्रस्ताला पापी ठरविण्याचा अधिकार ख्रिस्ती माणसाला शास्त्राने दिलेला नाही.

मग परमेश्वर ईयोबाला काय उत्तर देतो? कारण तो सांगतच नाही. तो प्रश्न विचारतो. त्यातील एका प्रश्नाने मला फार विचार करावयास लावले. जेथे माणूस राहत नाही अशा ओसाड रानावर पाऊस पाडून तेथे गवत कोण उगवितो, असा त्याचा भाव आहे. ज्या लोकांचे जीवन दोन पावसांवर टांगलेले होते, त्यांना सांगितले जाते की कोणाच्याही शेतात न पडणारा पाऊससुद्धा देवाचाच आहे आणि वाया गेलेला नाही. सृष्टीचा हिशेब केवळ माणसाच्या खळ्यावर संपत नाही. हे ऐकून ईयोबाचे दुःख नाहीसे होत नाही. पण आपण एकटेच या विश्वाच्या केंद्रस्थानी नाही आणि तरीही आपल्याशी कोणी बोलावयास आले, हे त्याला कळते. आजवर मी देवाविषयी केवळ ऐकले होते, आता पाहिले, अशा अर्थाचे बोलून तो स्वस्थ होतो.

हे उत्तर सर्वांना पटेल असे नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लोक उपासनेसाठी जमले असता लिस्बन शहर भूकंपाने, समुद्राच्या लाटांनी आणि आगीने बेचिराख झाले. तेव्हा सर्व काही उत्तमच चालले आहे असे सांगणाऱ्या तत्त्वज्ञानावर व्हॉल्टेअरने कठोर टीका केली. ती टीका मला रास्त वाटते. पण ईयोबाचा ग्रंथही सर्व उत्तम आहे असे म्हणत नाही. तो पीडिताला बोलू देतो, तक्रार करू देतो आणि त्याची तक्रार शास्त्रातच जपून ठेवतो. खोटे सांत्वन त्यात नाही, म्हणूनच तो मला खरा वाटतो.

५. बांधाच्या दोन्ही बाजूंचा पाऊस

नव्या करारात प्रभू येशू पावसाचा एक वेगळाच धडा देतो. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, शत्रूंवर प्रीती करा असे सांगताना, तो सूर्याचा आणि पावसाचा दाखला देतो : पिता दुष्टांवर आणि चांगल्यांवर सारखाच सूर्य उगवितो, नीतिमानांवर आणि अनीतिमानांवर सारखाच पाऊस पाडतो. पाऊस म्हणजे चांगुलपणाचे बक्षीस हा हिशेब येथे पुरता मोडतो. पावसाला बांध कळत नाही, जात कळत नाही, पाणवठा कोणाचा हे कळत नाही. ज्या समाजात एकाच विहिरीचे पाणी सर्वांना मिळू नये यासाठी शतकानुशतके पहारे ठेवले, त्या समाजात हा दाखला किती झोंबणारा आहे! पाणी अडविणारा माणूस आणि पाणी देणारा देव, असा तो विरोध आहे.

येशू स्वतः हवामान पाहणाऱ्या लोकांत वाढला. पश्चिमेला ढग दिसला की तुम्ही पाऊस येणार म्हणता, दक्षिणेचा वारा सुटला की उकाडा होणार म्हणता, असे तो लोकांना म्हणतो. तेथे पश्चिमेस समुद्र आणि दक्षिणेस वाळवंट, हे ध्यानात घेतले म्हणजे हे अंदाज अचूक असल्याचे दिसते. तो त्यांच्या ज्ञानाची थट्टा करीत नाही. आभाळ वाचता येते तर काळ का वाचता येत नाही, असे विचारतो.

गालीलच्या समुद्रावरील वादळाची कथाही अशीच. हे सरोवर समुद्रसपाटीच्या सुमारे दोनशे मीटर खाली असून भोवती उंचवटे आहेत. त्यामुळे तेथे अकस्मात वारे सुटतात. होडीतील शिष्यांत जन्माचे मासेमार होते. ते घाबरले, याचा अर्थ धोका खरा होता. येशू मात्र दमून उशाशी डोके टेकून झोपला होता. वादळ शांत झाल्यावर शिष्यांना जी भीती वाटली ती आधीच्या भीतीहून मोठी होती, असे मार्क लिहितो. येथे देव वादळावर बसलेला नाही. तो त्याच होडीत आहे. ईयोबाला वावटळीतून उत्तर मिळाले. शिष्यांना होडीत सोबत मिळाली. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा या फरकात आहे असे मला वाटते.

६. मराठी मातीतील साक्ष

ही श्रद्धा मराठीत कशी उतरली, याचाही थोडक्यात विचार करू. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्यात मराठी भाषेची थोरवी सांगताना हा इंग्रज धर्मगुरू फुलांचे आणि पक्ष्यांचे दाखले देतो. म्हणजे भाषेचे सौंदर्यही त्याला सृष्टीच्याच मापाने मोजावेसे वाटले. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांना तर मराठी रसिक फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतात. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. रानातल्या फुलाशी बोलणारा हा कवी पुष्कळ वर्षे आमच्या नगरात राहिला, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

आजही सुगीनंतर आमच्या मंडळीत उपकारस्तुतीची उपासना होते. कोणी पायलीभर बाजरी, कोणी भोपळा, कोणी कोंबडी आणून देवापुढे ठेवते. गोव्यात भर पावसात, २४ जूनला, सांजावाच्या दिवशी तरुण विहिरींत उड्या घेतात आणि ऑगस्टात भाताची नवी कणसे देवळात आशीर्वादासाठी आणली जातात. ख्रिस्ती धर्म मातीशी संबंध नसलेला, हा समज येथेच गळून पडावा.

पण मला सर्वांत मोठी साक्ष वाटते ती पंडिता रमाबाईंची (१८५८–१९२२). आईवडील आणि बहीण यांना त्यांनी दुष्काळाच्या उपासमारीत गमावले. निसर्गाचे उग्र रूप त्यांना पुस्तकातून कळलेले नव्हते. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे अनाथ, उपाशी मुली व स्त्रिया यांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून वाढले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. ज्या बाईचे घर दुष्काळाने रिकामे केले, तिने ईयोबाचे शब्द एकेक करून मराठीत आणले! दुष्काळ का पडतो याचे उत्तर त्यांनी वाद घालून दिले नाही. त्यांनी दार उघडले.

७. आपले कर्तव्य

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. निसर्गात देवाची थोरवी पाहणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे नव्हे. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात माणसाला बागेत ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी. राखण करणाऱ्याला आभाळ ओळखावे लागते आणि जमीनही.

भारतात हवामान खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी १८६४ चे कलकत्त्याचे चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ होऊन गेला होता. ऑक्टोबर १९९९ मध्ये ओडिशात आलेल्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे दगावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये त्याच किनाऱ्यावर ‘फायलीन’ हे प्रचंड वादळ आले. पण आधी इशारा मिळाल्याने सुमारे दहा लाख लोकांना हलविले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वारा तोच होता. माणसाने ज्ञान आणि दया एकत्र केली होती. त्या उपग्रहांच्या चित्रांतही मला देवाचा महिमा दिसतो, कारण शोधण्याची बुद्धी त्याचीच देणगी आहे.

आमच्या जिल्ह्यात १९७२ च्या दुष्काळाची आठवण वडीलधारी माणसे अजून काढतात. त्याच जिल्ह्यात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार या गावांनी माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणी अडवून दाखविले. स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू फादर हरमन बाखर यांनीही येथे अनेक दशके पाणलोटाच्या कामाला वाहून घेतले. समतल चर खणणे, बांधबंदिस्ती करणे, नाले अडविणे, ही कामे उपासनेहून वेगळी नाहीत असे त्यांच्या कार्याकडे पाहून वाटते. धावणाऱ्या पाण्याला चालावयास लावावे आणि चालणाऱ्याला थांबवावे, हे गावकऱ्यांना समजले की तेवढ्याच पावसात विहिरीला पाणी राहते.

आज तर प्रश्न अधिक गंभीर झाला आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत आणि हा बदल माणसाने घडविला आहे. पेरणी आणि कापणी, थंडी आणि ऊन यांचा क्रम टिकविण्याचे अभिवचन देवाने पाळले. आपण मात्र त्या क्रमाला धक्का दिला. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हीच जबाबदारी साऱ्या जगापुढे मांडली. अवेळी गारा पडल्या की सारे देवावर लोटणे किंवा शेतकऱ्याच्या पापावर लोटणे, दोन्ही आता अधिकच अप्रामाणिक ठरेल.

सारांश, पवित्र शास्त्र आपल्याला निसर्गाची पूजा करावयास शिकवीत नाही आणि त्याची उपेक्षाही करू देत नाही. ते वादळात वाणी ऐकावयास सांगते, आणि वादळालाच देव समजू नकोस असेही बजावते. दुःखिताला पापी म्हणू देत नाही. सर्वांवर सारखा पडणारा पाऊस दाखवून आपले हातही तसेच मोकळे ठेवावयास सांगते. माझ्या वर्गबंधुभगिनींपैकी पुष्कळांची श्रद्धा वेगळी आहे, काहींची कशावरच नसेल. त्यांनाही यातील शेवटची गोष्ट पटण्यास हरकत नसावी. येत्या मृगात ढग दाटून आले म्हणजे ज्याने त्याने आपापल्या परीने वर पाहावे. आणि मग खाली, ज्याच्या घरावर छप्पर नाही त्याच्याकडेही पाहावे. थोरवी ओळखल्याची खूण तीच आहे.